आमच्या कवितेतली आई आणि तिची पिशवी

गेल्या दोन अंकांसाठी आलेल्या कविता वाचून निवडायचं काम माझ्याकडं आलं. सूतगिरणीतली दुसरी पाळी सुटली की रात्री खोलीवर यायचं, चहा टाकायचा आणि वाचत बसायचं. कविता चांगल्या होत्या. पोरं रागानं लिहितात, नीट लिहितात. पण एक गोष्ट टोचत राहिली. ती बोलल्याशिवाय पुढच्या अंकाचं काम माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून हे टिपण.

निम्म्याहून जास्त कविता आईवर. ही आई डोक्यावर पाट्या वाहते, शेण काढते, खडी फोडते, उपाशी राहून पोराला शाळेत घालते. तिचे हात येतात, भेगाळलेले पाय येतात, आटलेली छाती येते आणि शेवटी तिची कूस येते. त्या कुशीतून विद्रोही जन्मतो. तिथं कविता संपते, टाळ्या पडतात.

त्यानंतर त्या कुशीचं काय होतं? विद्रोही जन्मला, मोठा झाला, मोर्चाला गेला. आई पंचेचाळीशीची झाली. आता तिच्या ओटीपोटात काय चाललंय, हे एकाही कवितेत नाही. आमच्या कवितेतल्या आईला कमरेखाली फक्त पोरं होतात. बाकी काही होत नाही.

दुसऱ्यांना बोलण्याआधी स्वतःचं सांगतो. मीही अशी कविता लिहिली. चार वर्षांपूर्वी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात वाचली. आईला मी डोंगर म्हटलं होतं. ती पुढच्या रांगेत बसली होती, मधेच उठून गेली. मला वाटलं, भरून आलं असेल. ती लघवीला गेली होती. दर अर्ध्या तासाला तिला जावं लागायचं आणि खोकला आला की लुगडं भिजायचं. त्या वेळेपर्यंत सहा वर्षं तिचं अंग बाहेर येत होतं. दिवसभर भांगलून, वैरणीचा भारा डोक्यावरनं आणून ती घरी यायची, मोरीत जाऊन हातानं अंग आत ढकलायची आणि भाकरी थापायला बसायची. मी त्याच घरात डोंगराच्या उपमा जुळवत होतो.

कळलं तेव्हा विचारलं, "सांगितलं का न्हाईस?"

म्हणाली, "कुणाला सांगू? तू पोरगा. तुझ्या बाला सांगितलं, तर त्यो म्हणतोय वयाचं हाय." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या कवितेत मी हाय खरं. पर मला कुठं काय दुखतंय, त्ये न्हाई त्यात."

दोस्तहो, माझ्या कवितेवर एवढी नेमकी समीक्षा कुणी केलेली नाही.

आता हे दुखणं म्हणजे काय, ते सरळ बोलू. बाईच्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि शौचाची वाट त्या झोळीवर तोललेली असतात. लागोपाठची बाळंतपणं, बाळंतीण उठली की लगेच उचललेलं ओझं, जुना खोकला, शौचाला कुंथणं, यानं झोळी सैल होते आणि पिशवी खाली सरकते. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, तशी तिथली कातडी आणि आधार आणखी पातळ होतो. म्हणून हे दुखणं चाळीशी-पन्नाशीत डोकं वर काढतं. सुरुवातीला त्या स्नायूंचा व्यायाम असतो, लघवी रोखल्यासारखं आवळून धरायचं आणि सोडायचं. पुढं रबराची किंवा सिलिकॉनची कडी आत बसवता येते, ती ठरावीक महिन्यांनी काढून धुऊन तपासावी लागते. त्यानंही भागलं नाही तर ऑपरेशन, आणि त्यातही पिशवी काढावीच असं दरवेळी नसतं.

पाळी जाण्याचंही तसंच. आमच्या गिरणीत पाळी म्हटलं की दिवसपाळी, रातपाळी. तिचा तक्ता भिंतीवर लागतो. घरातल्या पाळीचा तक्ता कुणी लावत नाही, आणि ती जाताना तर कुणाचंच लक्ष नसतं. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली. आपल्या देशात हे सरासरी ४६-४७ च्या आसपास होतं. त्याच्या आधी काही वर्षं पाळी मागंपुढं होते, कधी भसाभसा जाते. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं झोप मोडते, बारक्या गोष्टीवर रडू येतं. अंग कोरडं पडतं आणि नवऱ्याजवळ जाताना आग होते. हाडं ठिसूळ होऊ लागतात. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. कोरडेपणावर लावायचं मलम मिळतं. अंगावरून जास्त जात असेल तर गोळ्या आहेत, पिशवीत बसवायचं साधन आहे. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लाल दिसलं, तर "परत सुरू झाली" म्हणून गप्प बसायचं नसतं. त्याच आठवड्यात तपासून घ्यायचं, कारण ते कॅन्सरचं लक्षण असू शकतं.

हे मला गेल्या तीन वर्षांत कळलं. त्याआधी मी मार्क्सपासून फुल्यांपर्यंत जमेल ते वाचलं होतं.

कुणी म्हणेल, एका आईचं दुखणं घेऊन वाङ्मयाला काय झोडपतोस? तर एकीचं नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. त्यातल्या ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि अशी तपासणी आधी कधी झाली होती फक्त ८ टक्क्यांची. म्हणजे आमची कविता जेव्हा आईचे भेगाळलेले पाय मोजत होती, तेव्हा शंभरातल्या नव्वदावर आया आतून दुखत होत्या. पायाच्या भेगा दिसतात म्हणून कवितेत आल्या. जे दिसत नाही ते आलं नाही. मग आम्ही अनुभवाचे कवी म्हणवतो, ते कुणाच्या अनुभवाचे?

बायकांनी लिहिलं नाही असं म्हणू नका. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातलं बाळंतपण आहे, बाळंतिणीची भूक आहे, कोवळ्या पोरींची अंगं कशी फाटायची ते आहे. ऊर्मिला पवारांनी २००३ साली 'आयदान'मध्ये लग्नानंतरच्या शरीरसंबंधावर आडपडदा न ठेवता लिहिलं. या बायांनी दार उघडलं. आम्ही पुरुष समीक्षकांनी काय केलं? त्यातली जात उचलली, भूक उचलली, परिषदेत निबंध वाचले आणि शरीराची पानं उलटून पुढं गेलो.

असं का होतं, याचा मी विचार केला. पहिलं कारण मला समजतं, त्याबद्दल दुस्वास नाही. गावानं आमच्या बायकांकडं कायम हाताला येणारी वस्तू म्हणून पाहिलं. म्हणून आम्ही आईला इतकं पवित्र केलं की तिला अंगच उरलं नाही. मान द्यायला गेलो आणि तिला दगडात बसवलं. देव सोडलेल्या माणसांनी घरात एक मूर्ती केली.

दुसरं कारण मात्र आम्हाला लाज आणणारं आहे. विटाळ. तळ्याचं पाणी आम्हाला विटाळतं म्हणणाऱ्यांशी आम्ही लढलो. पण बाईच्या अंगावरून जाणारं रक्त अजून आमच्या घरात कुजबुजीचा विषय आहे. गोलपिठ्यावरच्या बाईचं शरीर नामदेव ढसाळांनी १९७२ साली कवितेत आणलं, तेव्हा पांढरपेशा हादरला आणि आम्ही छाती काढली. पण ते शरीर बाहेरच्या रस्त्यावरचं होतं. घरातल्या शरीराची वेळ आली की आमची विद्रोही भाषा पांढरपेशाहून सोवळी होते.

आणि बाईच्या इच्छेबद्दल तर बोलायलाच नको. पन्नाशीचा पुरुष दुसरं लग्न करून येतो, आम्ही हसून वरातीत नाचतो. पंचेचाळीशीच्या बाईनं केसात गजरा माळला की "म्हातारचळ लागला" म्हणतो. तिला इच्छा असेल तर चळ, नसेल तर थंड. आग होते म्हणून ती कूस बदलते, नवऱ्याला वाटतं हिचं मन फिरलं. त्यावरून मारहाण झालेली घरं माझ्या चाळीत आहेत. एका मलमाचा आणि दोन शब्दांचा प्रश्न असतो. ते दोन शब्द कुणाजवळ नसतात, कारण कवितेनं, भाषणानं, घरानं ते कुणाला दिलेच नाहीत.

शब्द नसले की सुरी बोलते. बीडचं घ्या. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाची उचल अंगावर असते, एक खाडा झाला तर दंड कापतात. फडात संडास नाही, पाणी नाही, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं. पाळीच्या चार दिवसांत बाई काय करणार? अंगावरून पांढरं जातंय म्हणून डॉक्टरकडं गेली की कॅन्सरची भीती घालायची आणि पिशवी काढायची. राज्य सरकारनं २०१९ साली नेमलेल्या समितीनं जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरातल्या सतरा. देशभरच्या २०१५-१६ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभराला तीनच्या आसपास होतं. बीजकोशही सोबत काढले तर तिशीतली बाई एका रात्रीत पाळी गेलेली बाई होते. वाफा, हाडं, कंबर सगळं एकदम, आणि कोयता पुन्हा हातात. २०२३ साली सुप्रीम कोर्टानंही गरज नसलेल्या अशा ऑपरेशनांवर राज्यांना फैलावर घेऊन नियम लागू करायला सांगितलं. पिशवी कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील तर काढावीच लागते. पण हा निर्णय मुकादमाच्या हिशोबानं व्हावा काय?

माझ्या आईलाही एका खाजगी डॉक्टरनं न तपासताच सांगितलं होतं, "चाळीशी उलटली, पोरं झाली, आता पिशवीचा उपयोग काय?" मी तिथंच भांडलो. घरी आल्यावर माझी जुनी कविता काढली. तिच्यातही तेच होतं. कूस म्हणजे पोरं काढायची जागा. डॉक्टर म्हणतो काम संपलं, काढून टाका. कवी म्हणतो काम झालं, कविता संपवा. दोघांच्या हिशोबात बाई स्वतः कुठंच नाही. माझी लाज तिथून सुरू झाली.

आता आक्षेप. एक कार्यकर्ता मला म्हणाला, "हे डॉक्टरचं काम, चळवळीत कशाला?" त्यानं बाबासाहेब नीट वाचावेत. १९२८ साली मुंबई कौन्सिलात कामगार बाईच्या बाळंतपणाच्या पगारी रजेच्या बाजूनं ते उभे राहिले. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाच्या रोहमांनी विधिमंडळात मांडला. आणि १९३४ साली र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'साठी अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. गुन्हा काय होता? वाचकांनी लैंगिक शंका विचारल्या आणि कर्व्यांनी खरी उत्तरं छापली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण अशा प्रश्नाचं खरं उत्तर देणं हे अश्लील नव्हे, या बाजूला आपला बाप उभा होता. आपण कुठल्या बाजूला उभे आहोत?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. एका ताईनं विचारलं, "पुरुषांनी आमच्या अंगावर का लिहायचं?" बरोबर आहे. तिच्या तोंडानं आपण बोलू नये. मी आईची परवानगी घेतली. म्हणाली, "लिही. नाव घालू नगंस. पर लिही." माझी मागणी एवढीच, की आईवर लिहायचं असेल तर आधी तिला विचारा. ती सांगणार नसेल तर तिच्यापाशी बसेल अशी बाई शोधा. आणि जिला लिहिता येतं तिला पानं द्या. पुढच्या अंकात निम्मी पानं बायकांसाठी मोकळी ठेवावीत असं मी संपादक मंडळाला लिहून दिलं आहे. बोली, अशुद्ध, कसंही चालेल. आमचंही असंच होतं.

कार्यकर्त्यांसाठी आणखी एक. वस्तीत गाडी घेऊन फिरता, तर महिन्यातून एकदा दोन बायांना सरकारी दवाखान्यात न्या, रांगेत थांबा. ऑपरेशन सांगितलं तर विचारायला शिकवा : दुखणं काय, तपासणीचा कागद कुठं, दुसरा इलाज कुठला, बीजकोश ठेवणार की काढणार? पाच मिनिटांचं काम आहे. घोषणेहून सोपं.

आईला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कडी बसवून दिली. भारा उचलू नका म्हणाल्या. तो उचलणं काही सुटलेलं नाही, आता तो मी आणि धाकटा आणतो. गेल्या पौर्णिमेला विहारात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून होती. एकदाही उठली नाही.

डोंगराची कविता मी फाडलेली नाही. वहीत तशीच ठेवली आहे, खाली आईचं वाक्य लिहून.