तुडवण्याची मुभा

शुसाकु एन्दो (१९२३–१९९६) यांच्या ‘चिन्मोकु’ या १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीची चर्चा बहुतेक वेळा तिच्या शीर्षकाभोवती फिरत राहिली आहे. चिन्मोकु म्हणजे मौन. सतराव्या शतकातील जपानमध्ये ख्रिस्ती शेतकरी छळाने मरत असता त्यांचा देव गप्प का राहतो, हा प्रश्न कादंबरीत तीव्रतेने विचारला गेला आहे, यात शंका नाही. परंतु हे शीर्षक प्रकाशकाच्या सूचनेवरून आले. खुद्द लेखकाने योजलेले नाव वेगळे होते. कादंबरीच्या गाभ्याशी असलेला प्रश्नही वेगळाच आहे. माणसाने देवाला सोडले, तर देव त्याला सोडतो काय?

या प्रश्नाचे मूळ एन्दोंनी नागासाकीत पाहिलेल्या एका वस्तूत आहे. १६१४च्या बंदीनंतर ख्रिस्ती लोक हुडकून काढण्यासाठी राज्यकर्त्यांनी ‘फुमिए’ची रीत पाडली. ख्रिस्ताची वा मरियेची प्रतिमा असलेला धातूचा पत्रा लाकडी चौकटीत बसवायचा आणि संशयितांना त्यावर पाय ठेवायला लावायचे. एन्दोंनी पाहिलेल्या फुमिएच्या लाकडावर पायांच्या बोटांचे काळपट ठसे उमटलेले होते. १५९७ साली नागासाकीत क्रुसावर गेलेल्या सव्वीस जणांना चर्चने १८६२ साली संतपद दिले. ज्यांचे पाय त्या पत्र्यावर पडले त्यांची नावे मात्र कोणी जपली नाहीत. हुतात्म्यांचा इतिहास लिहिला जातो. दुर्बळांचा लिहायचा तर तो कादंबरीकारानेच, अशी एन्दोंची भूमिका होती. त्यांना स्वतःला लहानपणी आईच्या पुढाकाराने बाप्तिस्मा मिळाला होता आणि हा धर्म अंगाला न बसणाऱ्या परदेशी पोशाखासारखा वाटतो, असे ते सांगत. ढळणाऱ्यांविषयीची त्यांची आस्था केवळ ऐतिहासिक नव्हती.

कथानक थोडक्यात सांगता येते. येशूसंघाचे ज्येष्ठ धर्मगुरू फेरेइरा यांनी १६३३ साली नागासाकीत छळापुढे मान तुकवून धर्मत्याग केला, ही इतिहासातील घटना. त्यांचा शोध घेण्यासाठी रॉड्रिग्ज हा तरुण पाद्री लिस्बनहून गोवा आणि मकाव या मार्गाने जपानला येतो, पकडला जातो आणि शेवटी स्वतःच फुमिएवर पाय ठेवतो. त्या रात्रीचे चित्रण कादंबरीतील सर्वांत भेदक आहे. कोठडीत त्याला घोरण्याचा आवाज ऐकू येतो. पहारेकरी झोपला असेल असे वाटून त्याला हसूही येते. तो आवाज खड्ड्यात उलटे टांगलेल्या शेतकऱ्यांच्या कण्हण्याचा असतो. त्या शेतकऱ्यांनी धर्म केव्हाच सोडलेला आहे. पाद्री ढळेपर्यंत त्यांची सुटका नाही. पहाटे त्याच्यापुढे फुमिए आणली जाते. असंख्य पावलांनी झिजलेला, खोलगट झालेला तो चेहरा त्याच्याशी बोलतो आणि पाय ठेवायला सांगतो.

मराठी वाचकाला ही कादंबरी बहुधा विल्यम जॉन्स्टन यांच्या १९६९च्या इंग्रजी अनुवादातून भेटते. त्या अनुवादात ख्रिस्ताचे बोलणे निखळ आज्ञार्थात आले आहे. मूळ जपानी प्रयोग मुभेकडे झुकणारा आहे; ‘तुडव’ असे नव्हे, ‘तुडवलेस तरी चालेल’ अशी त्याची छटा आहे. हा फरक व्याकरणापुरता नाही. ख्रिस्ताने आज्ञा केली असे मानले, तर रॉड्रिग्ज आज्ञाधारक ठरतो. त्याचे पाप पापच उरत नाही आणि तो उलट्या अंगाने पुन्हा वीरपुरुष होतो. कृपेलाही मग काही काम राहत नाही. मुभा मानली, तर तो खरोखरच ढळतो आणि ढळलेला असतानाच स्वीकारला जातो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप मुलाची कबुली ऐकण्याआधीच धावत सुटतो, तशी ही कृपा पश्चात्तापाच्या पुढे धावते. या ठिकाणी ख्रिस्ताला बोलते करणे हा कलादृष्ट्या धोक्याचा मार्ग होता. इतके मौन राखल्यावर आवाज ऐकवणे म्हणजे वाचकाची सुटका करणे. क्रियापदातील त्या हळुवारपणामुळेच हा प्रसंग सावरला आहे. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या २०१६च्या चित्रपटातील स्वर इंग्रजी अनुवादापेक्षा या मूळ छटेच्या जवळ जातो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ही दृष्टी ठेवली की कादंबरीचा केंद्रबिंदू सरकतो आणि किचिजिरो पुढे येतो. भावंडे जिवंत जाळली जात असताना ज्याने धर्म सोडला, चांदीच्या नाण्यांसाठी ज्याने पाद्र्याला पकडून दिले, तोच पुन्हा पुन्हा पापांची कबुली द्यायला हजर होतो. शांततेच्या काळात जन्मलो असतो तर मीही चांगला ख्रिस्ती म्हणून मेलो असतो, हा त्याचा युक्तिवाद वाचकाला आधी ओंगळ वाटतो, मग खोडून काढता येत नाही. (गोव्यात १५४८ साली बाप्तिस्मा घेतलेला आन्जिरो हा पहिला जपानी ख्रिस्ती. पुढे तोही धर्मकार्य सोडून समुद्री चाच्यांत मिसळला, असा एक जुना वृत्तान्त आहे.) मराठी समीक्षकाला इथे ‘पतितपावन’ हा शब्द आठवणे स्वाभाविक आहे, पण तो जपून वापरायला हवा. अभंगातील पतित आर्त होऊन हाक मारतो, त्या आर्ततेतच त्याची शुद्धी सुरू झालेली असते. किचिजिरोची आर्तता टिकत नाही. तो उद्या पुन्हा दगा देणार, हे त्याला आणि पाद्र्यालाही ठाऊक आहे. रॉड्रिग्ज त्याच्याकडे प्रारंभी किळसेने पाहतो. स्वतः ढळल्यानंतरच, पाद्रीपदाचा अधिकार गमावलेला असताना, तो त्याची कबुली मनापासून ऐकतो.

जपानच्या दलदलीत कोणतेही परके रोप मुळे धरत नाही, या फेरेइराच्या मतावर टीकाकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. संस्कृतिसंघर्षाच्या अभ्यासकांना ते सोयीचे आहे. कादंबरीत मात्र ते एका पराभूत माणसाचे समर्थन आहे, त्याहून अधिक नाही.

उलट, ज्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही तो भाग कादंबरीच्या अगदी शेवटी आहे. आरंभीचे निवेदन रॉड्रिग्जच्या पत्रांतून होते. तो पकडला जातो त्या सुमारास ते तृतीयपुरुषी होते. अखेरीस उरते ती ख्रिस्ती कैद्यांच्या वाड्यावरील अधिकाऱ्याची रोजनिशी. माणूस जसजसा ढळतो तसतशी लेखणी त्याच्या मनापासून दूर जाते. या रुक्ष दप्तरी नोंदींत रॉड्रिग्ज आता ओकामोतो सानएमोन या जपानी नावाने वावरतो आणि त्याच्याकडून धर्मत्यागाचा मजकूर पुन्हा लिहवून घेतला जातो. एकदा सोडलेला धर्म पुन्हा का सोडायला लावावा लागला, याचे स्पष्टीकरण अधिकारी देत नाही. आणखी एक नोंद आहे. झडतीत नोकर किचिजिरोच्या गळ्यातील ताइताच्या पिशवीत संतांची प्रतिमा सापडते. ती कोठून आली याची कसून चौकशी होते. जन्मभर दगा देत आलेला हा माणूस या वेळी पाद्र्यावर आळ येऊ देत नाही. अधिकाऱ्याच्या रोजनिशीत त्याला अवघ्या काही ओळी मिळाल्या आहेत.