उघडून पाहण्याचे वाङ्मय

पाककृतीच्या पुस्तकांना अजून कुणी वाङ्मयात धरत नाही, तेव्हा ‘बिघडलेला कॉम्प्युटर घरच्या घरी दुरुस्त करा’ छापाच्या व्हिडिओंना मी वाङ्मय म्हटले, तर विद्वान मंडळी भुवया चढवतील. चढवोत बापडी! मी हा प्रकार इतका पाहिला आहे की त्याची समीक्षा करण्याचा अधिकार आता मला आपोआप आला आहे.

या वाङ्मयाचा नायक म्हणजे एक हात. चेहरा नाही, नाव नाही. नुसता हात आणि त्यात स्क्रूड्रायव्हर. हा हात प्लग काढतो, कॅबिनेट उघडतो, रॅमची पट्टी उपसतो, तिच्या सोनेरी दातांवरून शाळकरी खोडरबर फिरवतो, पट्टी परत बसवतो आणि मशीन सुरू! गंमत म्हणजे पुष्कळदा दुखणे खरोखर एवढेच असते. दात मळले की डेस्कटॉप नुसता बीप-बीप करत बसतो, पुसले की शहाण्यासारखा वागतो. रोज सकाळी घड्याळ काही वर्षे मागे नेणाऱ्या मशीनचेही तेच. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा रुपयाएवढा सेल बदलला की स्वारी वर्तमानकाळात येते. एवढ्यासाठी माणूस बोलावणे म्हणजे शर्टाचे बटण लावायला शिंपी घरी बोलावणे. इथपर्यंत या वाङ्मयाला माझे पैकीच्या पैकी गुण.

पण पुढच्याच व्हिडिओत तोच हात, तेच संगीत, आणि उघडायला घेतलाय पॉवर सप्लायचा डबा! प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसलेली असू शकते, हे सांगण्याचे सौजन्य नाही. त्यावर कहर म्हणजे हार्ड डिस्क. टक्-टक् करणारी डिस्क हे महाशय जेवणाच्या टेबलावर उघडतात. आत मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारणारी तबकडी, तिच्यावर धुळीच्या कणाएवढीही फट न ठेवता तरंगणारे हेड, आणि वर आपला गरगरता पंखा! खोडरबर आणि ही शस्त्रक्रिया एकाच सुरात सांगणाऱ्या लेखकाला मी तरी माफ करणार नाही.

दुरुस्तीवाल्यांची शैली याउलट अगदी अल्पाक्षरी. “मदरबोर्ड गेला, साहेब.” किंवा “फॉरमॅट मारावा लागेल.” पहिले वाक्य खिशाला लागते, दुसरे काळजाला. फॉरमॅट मारला की मशीन पुष्कळदा चालू होते, हे मान्य. सामान फेकून दिले की घर झाडायलाही सोपे जाते. चांगला कारागीर स्क्रूला हात लावण्याआधी विचारतो, “आत काय आहे? दुसरीकडे कॉपी आहे ना?” व्हिडिओतला हात हे विचारूच शकत नाही, आणि माझ्या मते या वाङ्मयातली खरी उणीव ती हीच.

शेजारच्या वहिनींचा जुना डेस्कटॉप असाच टकटकू लागला. मशीनला भंगारवाल्यानेही नाक मुरडले असते. पण आत त्यांच्या गेलेल्या सासूबाईंच्या आवाजातल्या ओव्या होत्या, आणि त्या दुसरीकडे कुठेच नव्हत्या. चिरंजीव व्हिडिओ लावून, स्क्रूड्रायव्हर घेऊन सज्ज. वहिनींनी मुकाट्याने प्लग काढला, डिस्क तेवढी सोडवून मागितली आणि ती पदराआड धरून डेटा काढून देणाऱ्याकडे नेली. बिल मशीनच्या किमतीपेक्षा मोठे आले. ओव्या मिळाल्या, दोन मिळाल्या नाहीत.

उरलेले मशीन चिरंजीवांना बहाल केले आहे. ते सध्या सावकाश उघडताहेत.