रिकाम्या खोलीशी बोलणे

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (२००६) ही कादंबरी आम्ही पनवेलच्या धर्मग्रामात वाचली. तनय आणि अनुजा या भावंडांचे घरी भाड्याने राहणाऱ्या एकाच तरुणावर प्रेम जडते; पुढे तो दोघांनाही सोडून जातो. तनयचे सारे निवेदन त्या गेलेल्यालाच उद्देशून आहे, कारण घरात ते ऐकणारे कोणी नाही. हेच या कादंबरीचे मर्म होय.

श्रद्धेचा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी नाही. आपल्या घरातील तनयला मात्र तो टळत नाही. १९९२ चा आपला धर्मशिक्षणग्रंथ समलिंगी आचरण नाकारतो आणि लगेच पुढे अशा व्यक्तींना आदराने, करुणेने स्वीकारण्यास सांगतो. नकार मुलांच्या कानी आपोआप पडतो. स्वीकार आईवडिलांनी बोलून दाखवावा लागतो.