८८ टक्के चूक कामगाराची? हा आकडा उचलण्याआधी

औद्योगिक सुरक्षेवरच्या बऱ्याच प्रबंधांत पहिल्याच प्रकरणात हे वाक्य भेटतं: ८८ टक्के अपघात कामगाराच्या असुरक्षित कृतीमुळे, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे आणि २ टक्के न टळणारे. संदर्भ असतो हर्बर्ट हाइनरिखच्या ‘इंडस्ट्रियल अ‍ॅक्सिडेंट प्रिव्हेन्शन’ (१९३१) या पुस्तकाचा. तुम्हीही ते उचलायच्या बेतात असाल तर जरा थांबा. विषय स्फोटकांचा असेल तर नक्कीच थांबा.

आधी आकडा कुठून आला ते बघू. हाइनरिख अमेरिकेतल्या ‘ट्रॅव्हलर्स’ या विमा कंपनीत होता. त्याने सुमारे ७५,००० नोंदी पाहिल्या: काही विमादाव्यांच्या फायली, बाकीचे कारखान्यांचे अहवाल. म्हणजे ‘कामगाराची चूक’ असं लिहिणारा हात बहुतेक वेळा कामगाराचा नव्हताच. शिवाय प्रत्येक अपघात एकाच कारणाच्या खात्यात टाकलेला.

हे एक खातं किती फसवतं? समजा, अर्नाळ्याच्या एखाद्या बोटीवर जाळं ओढताना खलाशाचा हात दोरात अडकला. विंचला आवरण नव्हतं, दोन रात्री झोप नव्हती, माणसंही कमी होती, आणि त्याचं लक्षही क्षणभर हटलं. चारही गोष्टी खऱ्या. रकाना मात्र एकच. त्यात काय लिहिलं जाईल, तुम्हीच सांगा.

स्फोटकांच्या कामात हे आणखी अवघड होतं. १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावच्या कारखान्यातल्या स्फोटात नऊ जण गेले, त्यांत सहा महिला. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत आठ जण गेले. अशा स्फोटात हत्यार, भिंत आणि जवळचा साक्षीदार एकदमच नाहीसे होतात. मग ‘मानवी चूक’ लिहिणं सगळ्यात सोपं, कारण खोडून काढायला तो माणूस उरलेला नसतो. या दोन घटनांचं कारण काय, हे मी इथे सांगत नाहीये. प्रश्न कसा विचारायचा, एवढंच माझं म्हणणं आहे.

जुन्या नायट्रोग्लिसरीन कारखान्यांत तापमानावर नजर ठेवणाऱ्याला एका पायाचं स्टूल देत. डुलकी लागली की माणूस खाली. सगळा भार त्याच्या जागरणावर! उलट नोबेलने १८६७ साली तेच द्रव्य मातीसारख्या किझेलगुरमध्ये मुरवून डायनामाइट केलं, म्हणजे पदार्थच कमी नाजूक केला. या उद्योगाचा आजचा मूलभूत नियमही असाच आहे: धोक्याजवळ कमीत कमी माणसं, कमीत कमी माल, कमीत कमी वेळ. चूक होणारच, हे धरून केलेला हा नियम आहे. म्हणून ‘कोण चुकलं?’ याच्या आधीचा प्रश्न असा: त्या शेडमध्ये त्या वेळी इतकी माणसं का होती?

हाइनरिखचं दुसरं प्रमाण १:२९:३००, म्हणजे एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ आणि ३०० बिनइजेचे अपघात. यावरून लोक समजतात की खरचटणं कमी झालं म्हणजे स्फोटही टळला. पण बोट कापण्याची आणि स्फोटाची कारणं वेगळी असतात. वर्षभर एकही पट्टी न बांधलेली शेडसुद्धा उडू शकते.

आणि आरोग्य? ते या हिशोबात नाहीच. नायट्रोग्लिसरीनने रक्तवाहिन्या रुंदावतात. आठवडाभरात शरीर सरावतं, सुट्टीत तो सराव मोडतो, सोमवारी पुन्हा डोकं ठणकतं. नायट्रोग्लायकॉल हाताळणाऱ्यांत सुट्टीच्या काळात अचानक मृत्यूही नोंदले गेले आहेत. घरी आलेला मृत्यू कारखान्याच्या अपघातवहीत कसा येणार?

हाइनरिखवर अन्याय नको. यंत्रांना आवरण बसवा, हे त्यानेही आग्रहाने सांगितलं. पण वाचणाऱ्यांनी सोयीचा आकडा तेवढा ठेवला.

तेव्हा आराखडा लिहिताना प्रत्येक तक्त्याला विचारा: नोंद कोणी केली? एका घटनेला किती कारणं लिहायची मुभा होती? कंत्राटी कामगार मोजलेत का? नोकरी सोडून गेलेल्यांचं काय? उत्तर मिळालं नाही तर तसं प्रबंधात स्पष्ट लिहा. कारण उद्या एखादा चौकशी अधिकारी किंवा वकील तुमचंच वाक्य उद्धृत करेल, आणि समोर मेलेल्या कामगाराची बायको नुकसानभरपाई मागत उभी असेल.