सहल झाली, ज्वालामुखीही उसळला; मूल काय शिकलं?



डिसेंबर-जानेवारी हा शाळांमधला सहलींचा आणि विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो. बसमध्ये टोप्या घातलेली मुलं, संग्रहालयाच्या पायऱ्यांवर रांगेत बसलेली मुलं, हातात रंगीत पाण्याच्या बाटल्या घेतलेली मुलं. खाली एक वाक्य ठरलेलं असतं : ‘कृतीतून शिक्षण’. कृती झाली हे फोटोत दिसतं. शिक्षण झालं की नाही हे मात्र फोटोत दिसत नाही, आणि ते तपासायची तसदीही फारसं कोणी घेत नाही. आज त्यावरच बोलू. पहिली ते पाचवीच्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून बोलू.

सगळ्यात लोकप्रिय ‘प्रयोगा’पासून सुरुवात करते. मातीचा डोंगर, मध्ये खड्डा, त्यात खायचा सोडा, वरून व्हिनेगर आणि लाल रंग. फेस उसळतो, मुलं टाळ्या वाजवतात, ज्वालामुखी समजला! आता जरा थांबून बघा. सोडा आणि व्हिनेगर यांच्या रासायनिक क्रियेतून कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, म्हणून फेस येतो. खरा ज्वालामुखी म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक वर येणं. त्यात ना सोडा असतो ना व्हिनेगर. म्हणजे हा प्रयोग ज्वालामुखीबद्दल काही शिकवत नाही. ज्याबद्दल खरंच शिकवू शकतो, त्या वायूचं नावही बहुतेक वेळा निघत नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी तर हे आणखी विचित्र आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हा बाहेर आला तो मुख्यतः जमिनीतल्या लांबलचक भेगांमधून. तो पाण्यासारखा पसरत गेला, थरावर थर साचले. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो खडक आहे. कोणताही घाट चढताना डोंगरात ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. गावातल्या देवळाचा, विहिरीचा, शाळेच्या जोत्याचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हाच. आपली बहुतेक मुलं लाव्हावर उभं राहून मातीच्या शंकूत ज्वालामुखी शोधत असतात.

हात चालले की डोकं चालतं?

‘हाताने केलं की कळतं’ हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते सिद्धच झालंय असं वाटतं. इंग्लंडमधल्या इयन अब्राहम्स आणि रॉबिन मिलर यांनी माध्यमिक शाळांमधले विज्ञानाचे २५ प्रात्यक्षिक तास प्रत्यक्ष बसून पाहिले आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. सोप्या भाषेत सांगायचं तर, शिक्षकांना वस्तूंचं जे करून घ्यायचं होतं, ते मुलांनी बहुतेक वेळा बरोबर केलं. पण त्या कृतीमागची वैज्ञानिक कल्पना वापरून मुलांनी विचार करावा, हे फारच कमी वेळा घडलं. कारण साधं आहे. तासाची आखणी करताना ‘काय करायचं’ यावर बारीक विचार झाला होता, ‘त्याबद्दल काय बोलायचं’ यावर तितका झाला नव्हता.

हा अभ्यास माध्यमिक शाळांचा आहे, म्हणून तो जसाच्या तसा तिसरीला लावता येणार नाही. पण प्राथमिकच्या मुलाला तर कृती आणि कल्पना यांच्यातला पूल स्वतःहून बांधणं आणखी अवघड असणार. त्यामुळे मोठ्यांची जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

नव्या जागेचं ओझं

आता सहलीकडे वळू. जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एक छोटा पण महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रानात शिकवायचं ठरवलेला एक धडा त्यांनी दोन प्रकारच्या मुलांना दिला : रान ओळखीचं असलेली आणि नसलेली. जागेबद्दल दोन्ही गट शिकले. पण धड्यातली मूळ कल्पना शिकली ती रान ओळखीचं असलेली मुलं. बाकीच्यांचं लक्ष ती जागा समजून घेण्यातच खर्च झालं.

१९८२ मध्ये फॉक आणि जॉन बॉलिंग यांनी तिसरी आणि पाचवीच्या मुलांची तुलना केली. काही मुलांना दूरच्या निसर्ग केंद्रात नेलं, काहींना शाळेलगतच्याच मोकळ्या जागेत. तिसरीतली मुलं अनोळखी ठिकाणी जास्त विचलित झाली, शाळेलगत मात्र कामात रमली. पाचवीचं उलटं झालं. त्यांना शाळेजवळची जागा कंटाळवाणी वाटली. म्हणजे नवेपणाचा एक डोस असतो, आणि तो वयानुसार बदलतो.

आता आपल्या सहलीचं वेळापत्रक आठवा. पहाटे चारला निघायचं, एक किल्ला, दोन देवळं, एक समुद्रकिनारा, एक वॉटर पार्क, रात्री अकराला परत. सात-आठ वर्षांच्या मुलाला हा डोस झेपेल का? गंमत म्हणजे या मुलांच्या पुस्तकाचं नाव आहे ‘परिसर अभ्यास’. परिसर मागे टाकून आपण त्यांना दोनशे किलोमीटर लांब नेतो.

यावर उपायही संशोधनात सापडतो. इस्रायलमधले निर ओरियन आणि अवी हॉफस्टाइन यांनी मोठ्या मुलांच्या भूशास्त्र सहलींचा अभ्यास करून नवेपणाचे तीन भाग सांगितले : विषय नवा, जागा नवी, आणि दिवस कसा जाणार याची अनिश्चितता. तिन्ही आधीच कमी करता येतात. वर्गात दगड हाताळायला द्या, नकाशा आणि फोटो दाखवा, आणि ‘जेवण कधी, शू कुठे, किती चालायचंय’ हे स्पष्ट सांगा. शेवटचं सगळ्यात दुर्लक्षित असतं. लहान मुलाच्या डोक्यात तर तोच प्रश्न सकाळपासून असतो.

मग सहली बंद करायच्या?

अजिबात नाही. इथे मला एका अभ्यासाचा मुद्दाम उल्लेख करायचाय. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात २०११ मध्ये क्रिस्टल ब्रिजेस नावाचं कला संग्रहालय सुरू झालं. मोफत सहलीसाठी इतक्या शाळांचे अर्ज आले की सोडत काढावी लागली. संशोधकांना आयतीच संधी मिळाली. त्यांनी १२३ शाळांमधल्या जवळपास ११,००० मुलांची माहिती गोळा केली. सोडतीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं यांची तुलना झाल्यामुळे ‘हुशार शाळाच सहलीला जातात’ ही शंका उरत नाही.

सहल कशी होती? साधारण तासाभरात पाच चित्रं. बस्स. कशालाही हात लावायचा नाही. चित्रासमोर बसायचं आणि काय दिसतंय, का वाटतंय यावर मुलांनी बोलायचं. काही आठवड्यांनी मुलांना चित्रांमधले तपशील चांगलेच आठवत होते, आणि न पाहिलेल्या चित्राबद्दल ती जास्त बारकाईने लिहीत होती. सरासरी परिणाम छोटा होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शिवाय चाचणी लवकर झाली, वर्षभरानंतर काय उरलं हे त्यातून कळत नाही. पण ग्रामीण शाळांतल्या मुलांमध्ये परिणाम सरासरीच्या जवळपास तिप्पट होता.

या निकालातून मी दोन गोष्टी घेते. एक, सहलीतून शिकायला ‘हॅण्ड्स-ऑन’ असणं सक्तीचं नाही. थांबून पाहणं आणि बोलणं जास्त कामाचं ठरू शकतं. दुसरी जास्त टोचणारी. सहलीचा सर्वांत जास्त उपयोग ज्यांना होतो, तीच मुलं घरून कुठे जात नाहीत, आणि वर्गणी परवडत नाही म्हणून सहलीच्या दिवशी गैरहजर राहतात. एसटी शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते, पण वॉटर पार्कचं तिकीट, नाश्ता, टी-शर्ट जोडले की ती सवलत कुठल्या कुठे जाते. सहल जितकी भपकेबाज, तितकी ती जिच्यासाठी हवी त्या मुलीपासून लांब.

‘पण मुलांना आयुष्यभर आठवतं ना!’

हा युक्तिवाद हमखास येतो. तो खोटा नाही. फॉक आणि लिन डिअरकिंग यांनी १९९७ मध्ये १२८ जणांना, त्यात मोठी माणसंही होती, प्राथमिक शाळेतल्या सहलींबद्दल विचारलं. जवळजवळ सगळ्यांना एखादी तरी सहल आठवत होती. आनंद, मैत्री, घरापासून लांब गेलेला पहिला दिवस यांची किंमत मी कमी लेखत नाही. फक्त आनंदासाठी सहल काढा, खुशाल काढा, पण मग तिला सहलच म्हणा. ‘शैक्षणिक’ म्हणायचं असेल तर आठवण हा पुरावा पुरत नाही. बसमध्ये कोणाला उलटी झाली हेही आयुष्यभर आठवतं.

तेव्हा पुढच्या वेळी शाळेची सूचना आली की पालकसभेत तीन प्रश्न विचारा. जाण्याआधी वर्गात काय होणार? तिथे एकाच गोष्टीसमोर मुलं किती वेळ थांबणार, आणि बोलणार कोण? वर्गातलं कोणी पैशामुळे मागे राहणार आहे का? शिक्षकांनी वैतागू नये; परवानग्या, हमीपत्रं आणि साठ मुलांची मोजदाद तुमच्याच डोक्यावर असते हे माहीत आहे. म्हणूनच म्हणते, ठिकाणं कमी करा, काम आपोआप हलकं होईल.

आणि तिसरीपर्यंतच्या वर्गांना बसची गरज आहेच असंही नाही. गावातल्या जुन्या विहिरीपाशी न्या, कठड्याबाहेर सुरक्षित उभं करा आणि विचारा, हा काळा दगड आला कुठून असेल? काही जण म्हणतील ट्रकमधून. उत्तर चूक नाही. तिथून मागे मागे जात राहा.

तुमच्या शाळेत असं काही घडत असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या लेखात.