घरांतील पुस्तकें : आठवणी आणि कादंबऱ्या

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत भंडाऱ्यांतील आमचे एक स्नेही आमच्याकडे आले व म्हणाले, "सर, घरांत सर्वांनी वाचावीत अशी दहा पुस्तकं लिहून द्या. कादंबऱ्या थोड्या, आठवणी जास्त. कादंबरी म्हणजे रचलेलं. आठवणीत निदान खरं तरी असतं." आम्हीं यादी करून दिली. चार दिवसांनीं ती परत आली तेव्हां तींतील दोन नांवांवर तांबड्या शाईच्या रेघा होत्या. एक नांव 'बलुतं', दुसरें 'आहे मनोहर तरी'. बाजूस बारीक अक्षरांत लिहिलें होतें, 'घरात मुली आहेत.' खरें हवें म्हणून आठवणी मागावयाच्या आणि तें जरा अधिक खरें निघालें कीं खोडावयाचें, हा न्याय आम्हांस कळला नाहीं. परंतु असा न्याय करणारे आमचे स्नेही एकटेच नाहींत, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहावेसे वाटले.

आठवणी खऱ्या कां वाटतात? घडलेलें सांगतात म्हणून, असें पुष्कळांस वाटतें. घडलेलें तर पोलिसांच्या पंचनाम्यांतही असतें. आमच्या मतें आठवणींचा खरेपणा एकाच कसास लागतो : सांगणाऱ्यानें स्वतःस किती सवलत दिली आहे? ह्या कसावर मराठींत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथासारखा दुसरा ग्रंथ आम्हांस दिसत नाहीं. १९३४ ते १९३६ च्या दरम्यान त्याचे चार भाग निघाले. नागपूर व राजनांदगांव यांच्या दरम्यान आगगाडीच्या प्रवासांत नारायण वामन टिळकांची एका मिशनऱ्याशीं गांठ पडली आणि बायबल त्यांच्या हातीं आलें. ती गाडी आमच्याच जिल्ह्यांतून, वरठीच्या स्टेशनावरून, आजही धांवते. १८९५ मध्यें टिळक ख्रिस्ती झाले आणि ह्या बाईंचा संसार मोडला. दुसरी एखादी लेखिका येथें रडली असती, किंवा नवऱ्यास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करती. लक्ष्मीबाई टिळकांचा विक्षिप्तपणा सांगतात, आणि त्याच हसऱ्या तोंडानें स्वतःचा सोवळेपणाही सांगतात. पुढें त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या तरी शिवाशीव एकदम सुटली नाहीं. मन पुढें गेलें आणि हात मागें राहिला, अशी ती कुचंबणा त्यांनीं जराही लपविलेली नाहीं. शाळेंत न शिकलेल्या बाईचें हें मराठी आम्ही वर्गांत वाचून दाखवितों तेव्हां मागच्या बांकावरचीं मुलेंही हसतात, आणि मग एकदम गप्प होतात.

रमाबाई रानड्यांच्या १९१० मधील आठवणी ह्याहून शालीन, पण त्यांत माधवरावांची छाया इतकी दाट आहे कीं बाई स्वतः क्वचितच उन्हांत येतात. तो दोष त्यांचा कीं त्या काळाचा, हें वाचकानेंच ठरवावें.

आतां खोडलेल्या नांवांकडे वळूं. सुनीता देशपांडे यांचें 'आहे मनोहर तरी' १९९० मध्यें निघालें आणि अर्ध्या महाराष्ट्रानें तें पु. ल. घरांत कसे वागत, एवढ्यासाठींच वाचलें. ज्यांनीं तसें वाचलें त्यांस त्यांत तेवढेंच सांपडलें. वस्तुतः लेखिकेनें उलटतपासणी घेतली आहे ती प्रथम आपली. पुस्तकास काळक्रम नाहीं, मधूनमधून पाल्हाळ आहे, आणि कोठें कोठें स्वतःच्या करारीपणाचाच थोडा अभिमान डोकावतो. हें आम्ही नाकारीत नाहीं. पण लग्न झालेल्या मुलीनें आणि लग्न झालेल्या मुलानेंही वाचावें असें हें पुस्तक आहे. मुलानें जरा आधीं.

'बलुतं' (१९७८) हें दया पवार यांचें पुस्तक. त्यांतील रचना पाहण्यासारखी आहे : दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. शिकून पुढें गेलेला माणूस आपल्याच जुन्या नांवाच्या माणसासमोर बसला आहे, आणि तो दुसरा त्यास पत्नीविषयींच्या संशयासुद्धां कांहींच सोडीत नाहीं. ह्याला अश्लील म्हणणाऱ्यांनीं तें पुरें वाचलेलें नसतें, असा आमचा अनुभव आहे. आम्हीं स्नेह्यांस विचारलें, ज्या भंडाऱ्यानें १९५४ च्या पोटनिवडणुकींत डॉ. आंबेडकरांस पराभूत केलें, त्या भंडाऱ्यांतल्या घरांत निदान हें पुस्तक तरी यावयास नको काय? ते हसले, उत्तर दिलें नाहीं.

येथें आमचीही एक कबुली देणें प्राप्त आहे. हेंच 'बलुतं' आम्हीं कित्येक वर्षें कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, व्याकरणाच्या ग्रंथांमागें ठेविलें होतें. एके दिवशीं मोठ्या धिटाईनें तें काढून कन्येच्या हातीं दिलें. ती म्हणाली, "बाबा, हे मी अकरावीतच वाचलं. लायब्ररीतलं होतं. तुम्हाला आवडेल की नाही, म्हणून सांगितलं नाही." वरच्या फळीनें राखलें काय? पुस्तक नव्हे, बापलेकींत जें बोलणें व्हावयाचें तें पांच वर्षें राहून गेलें.

कादंबऱ्यांविषयीं. 'मृत्युंजय' आणि 'ययाति' यांची शिफारस करण्याचें कारण नाहीं. तीं दोन्ही पुस्तकें घरोघर आहेतच. कादंबरी म्हणजे रचलेलें, असें म्हणणाऱ्यानें आधीं भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) वाचावी. पांडुरंग सांगवीकर आपलीच हकीगत आपण सांगतो, आणि हें आत्मचरित्र नाहीं अशी खात्री शेवटपर्यंत होत नाहीं. मग उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) घ्यावी, आणि ती मोठ्यानें वाचावी. वऱ्हाडी बोली आमच्या झाडीबोलीहून निराळी खरी, पण कौतिकचें दारिद्र्य कानांनींच नीट कळतें. ती बाई थोर आहे असें लेखक एकदाही म्हणत नाहीं. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) ह्या कादंबरीस २००४ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकून गांवीं बसलेला एकनाथ आमच्या धानाच्या मुलुखांतही प्रत्येक गांवीं भेटतो, जरी त्याची शेती कोरडवाहू आहे. उत्तरार्धांत ती थोडी बोजड होते.

आमच्या भागाचें पुस्तक म्हणून मारुती चितमपल्ली यांचें 'चकवाचांदणं' अवश्य घ्यावें. नवेगांवबांध १९९९ पर्यंत, म्हणजे गोंदिया निराळा होईपर्यंत, आमच्याच जिल्ह्यांत होतें, आणि चितमपल्लींच्या वनखात्यांतील नोकरीचा मोठा काळ तेथें गेला. २०२५ मध्यें ते वारले. आत्मचरित्र म्हणून पाहतां त्यांत माणूस मधूनमधून झाडांआड जातो, ही उणीव आहे. परंतु रानांतल्या लोकांकडून ऐकलेलीं पक्ष्यांचीं नांवें त्यांनीं ज्या आदरानें जपलीं आहेत, त्यापुढें ती उणीव मनाला टोंचत नाहीं.

यादी आम्हीं स्नेह्यांकडे परत धाडली आहे. खोडलेलीं दोन्ही नांवें पुन्हां काळ्या शाईनें लिहिलीं, आणि त्यांच्याच भिडेखातर पूर्वी घातलेलें 'मृत्युंजय' काढून तेथें 'धग' लिहिलें.