दहा ओळींत एक जहाज

"तुम्ही लेखक आहात, तुमचं दहा मिनिटांचं काम," असे म्हणून लोक जो कागद पुढे करतात, त्याने आजवर माझे पुष्कळ रविवार खाल्ले आहेत. अगदी अलीकडचा रविवार गेला तो सोसायटीच्या गणपतीपायी.

आमच्या शेजारच्या काकांनी चार वर्षे खपून एका जुन्या युद्धनौकेची प्रतिकृती केली. काका गोदीतल्या सुतारखात्यातून निवृत्त झालेले. जहाजासाठी त्यांनी घरातला सागवानी पलंग मोडला (काकू तेव्हापासून गादी जमिनीवर घालतात आणि मोजकेच बोलतात), आणि ७४ तोफांसाठी बॉलपेनच्या संपलेल्या रिफिली कापल्या. त्यातल्या निम्म्या माझ्या. माझ्या लेखणीचा मराठी साहित्याला उपयोग झाला की नाही ते ठाऊक नाही. ब्रिटिश आरमाराला झाला.

जहाजाचे नाव 'वेलस्ली'. उत्सवातल्या प्रदर्शनात त्याच्याजवळ ठेवायला माहितीचे कार्ड हवे होते. काकांनी दोन फुलस्केप कागद भरून दिले. चिटणीस म्हणाले, "दहा ओळी. अकरावी बसणार नाही, फ्रेम आणून झालीय." कात्री माझ्या हातात आली. मी तासाभरात कार्ड तयार केले, ते असे:

"वेलस्ली. ७४ तोफांची युद्धनौका. १८१५ मध्ये मुंबईत बांधली. १८३९ मध्ये अ‍ॅडमिरल मेटलंड यांच्या नेतृत्वाखाली कराची घेतली. १८४० पासून चीनमधील मोहिमेत उल्लेखनीय कामगिरी. १८६८ पासून प्रशिक्षण नौका. १९४० मध्ये हवाई हल्ल्यात बुडाली. सव्वाशे वर्षांची गौरवशाली सेवा."

सुटसुटीत आहे की नाही? मलाही तसेच वाटले. काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचले आणि म्हणाले, "अरे, हे जहाजाचं आहे की माझ्या निरोपसमारंभातलं मानपत्र?"

त्या रात्री मी स्वतःच्याच दहा ओळींचे परीक्षण करायला बसलो. दुसऱ्याच्या पुस्तकावर लिहिताना अंगात जी निर्भयता येते, ती आणायचा प्रयत्न केला आहे.

'मुंबईत बांधली.' कोणी? काकांच्या कागदावर त्याला पाऊण पान होते. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया. जहाजाचे नकाशे विलायतेहून 'जावा' नावाच्या जहाजातून निघाले होते. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनी 'जावा'च पकडले आणि नकाशे गेले. मी असतो तर 'नकाशे अप्राप्त' असा शेरा मारून घरी गेलो असतो. वाडियांनी, शिंप्याने थोरल्याच्या मापावर धाकट्याचा सदरा बेतावा तसे, आपणच नुकत्याच बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस'च्या मापावर हे जहाज उभे केले. हा सगळा मजकूर मी समासात 'तांत्रिक तपशील' असे लिहून उडवला. मेटलंड राहिले. म्हणजे तसा त्यांच्यावर माझा राग नाही. १८१५ मध्ये नेपोलियन ज्याच्या जहाजावर शरण आला तो कप्तान हाच, आणि १८३९ च्या नोव्हेंबरात मुंबईजवळ तो वारला तो याच 'वेलस्ली'वर. पण माझ्या कार्डावर तो राहिला तो यातल्या कशासाठीच नव्हे. नावाआधी 'अ‍ॅडमिरल' होते म्हणून राहिला.

पुढे नावच घ्या. १८०३ साली असईच्या रणात ज्याने मराठ्यांना हरवले, त्या सेनापतीचे आडनाव वेलस्ली. ते मुंबईत, पारशी कारागिराच्या हातच्या सागवानी जहाजाला लागले आणि दोनशे वर्षांनी आमच्या गणपतीसमोर आले. ही गंमत दहा ओळींत बसेना. 'गौरवशाली' मात्र ऐसपैस बसले.

'कराची घेतली.' मंडईतून मेथीची जुडी घेतल्यासारखी. प्रत्यक्षात मनोऱ्याच्या किल्ल्यावर तोफा डागल्या, हे काकांनी लिहिले होते.

'चीनमधील मोहीम.' ही अफूची लढाई. चीनच्या सरकारने अफू बंद केली, विकणाऱ्यांना ते परवडेना, म्हणून आरमार गेले. त्या अफूपैकी बरीचशी माळव्यातून मुंबई बंदरातून जाई. म्हणजे माल मुंबईमार्गे आणि तोफाही मुंबईच्याच जहाजावर. काकांनी 'अफू' हा शब्द स्वच्छ लिहिला होता. 'गणपतीत बरा दिसत नाही' म्हणून मी तो खोडून 'उल्लेखनीय' लिहिले. ज्या गोष्टीचा उल्लेख टाळायचा असतो तिलाच आपण उल्लेखनीय म्हणतो, असे माझे तेव्हापासून मत झाले आहे.

आणि 'प्रशिक्षण नौका' हे दोन शब्द! १८६८ मध्ये जहाजाचे नाव बदलून 'कॉर्नवॉल' केले आणि टेम्स नदीत नांगर टाकून त्यावर शाळा काढली. कोर्टाने सुधारायला पाठवलेली वांड पोरे तिथे वाढली. सव्वाशेपैकी ७२ वर्षे हेच काम! लढाईला चार वाक्ये आणि पोरांना दोन शब्द, हा हिशेब वाण्यालाही मान्य होणार नाही. १९४० च्या सप्टेंबरात जर्मन बॉम्बने ते बुडाले. १९४८ मध्ये वर काढून मोडले, आणि त्यातले काही लाकूड लंडनच्या मोठ्या न्यायालयाच्या दुरुस्तीला वापरले गेले. कोर्टाच्या पोरांना सांभाळणारे जहाज शेवटी कोर्टातच जमा झाले. एवढा शेवट हाताशी असताना मी 'सेवा' या शब्दावर थांबलो.

दुसऱ्या दिवशी काकांनी भिंतीवरचे त्यांचे मानपत्र काढून हातात दिले. 'निष्ठापूर्वक सेवा' हे शब्द होते, सही होती, शिक्का होता. काका सुतार होते, हे कुठे नव्हते.

मी मुकाट्याने नवे कार्ड लिहिले:

"वेलस्ली. मुंबईची गोदी, १८१५. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया आणि ज्यांची नावे कागदावर नाहीत असे सुतार. ७४ तोफा. १८३९ मध्ये कराचीच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. १८४० पासून चीनमध्ये अफूच्या लढाईत. पुढे ७२ वर्षे टेम्स नदीत वांड मुलांची शाळा. १९४० मध्ये जर्मन बॉम्बने बुडाली. काही लाकूड लंडनच्या न्यायालयात लागले."

काकांनी वाचले. सुतारांच्या ओळीवर त्यांचे बोट जरा थांबले. "चालेल," म्हणाले.

चिटणीस मात्र चालेल म्हणेनात. "अकरा ओळी झाल्या. फ्रेममध्ये बसत नाही. सुतारांची ओळ काढली तर बसेल."

काका काही बोलले नाहीत. संध्याकाळी मोठी फ्रेम स्वतःच करून घेऊन आले. सागवानी, पॉलिश केलेली, कोपरे असे जुळवलेले की नखही शिरू नये. मी कौतुक करायला तोंड उघडणार, तोच मागून काकूंचा आवाज आला,

"उशाकडची फळी तेवढी राहिली होती. तीही गेली."